बीएमआय 40 झाला, पण हक्क कशाचा?

वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेचे दोन प्रकार, स्लीव्ह आणि बायपास, यांतला फरक आता बहुतेकांना ठाऊक असतो. एकात जठराचा मोठा भाग कापून काढतात, दुसऱ्यात जठराची छोटी पिशवी करून ती आतड्याला पुढे जोडतात. झालं. खरा घोळ आहे ‘पात्र’ आणि ‘हक्कदार’ या शब्दांचा. ‘बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, तो आकडा) 40 च्या वर गेला की सरकारी खर्चाने ऑपरेशन हा पेशंटचा हक्कच’ हे वाचून वाचून डोकं उठलंय.

पात्रता डॉक्टर तपासतात. ढोबळमानाने: बीएमआय 40, किंवा 35 आणि सोबत मधुमेह वा रक्तदाब, आधीचे उपाय करून झालेले, भूल सोसेल अशी तब्येत. पैसे कोणी द्यायलाच हवेत, याबद्दल यात अवाक्षर नाही.

इंग्लंडमध्ये ही फट कागदावरच दिसते. कोणते उपचार द्यावेत याच्या शिफारशी करणाऱ्या तिथल्या ‘नाइस’ या संस्थेने 2002 मध्ये या शस्त्रक्रियेची शिफारस ‘टेक्नॉलॉजी अप्रेझल’ म्हणून केली. या प्रकारची शिफारस आली की एनएचएसच्या, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या, स्थानिक यंत्रणेला ठराविक मुदतीत, सहसा 3 महिन्यांत, पैशांची सोय करावीच लागते. 2006 मध्ये तीच शिफारस लठ्ठपणावरच्या ‘क्लिनिकल गाइडलाइन’मध्ये गेली. निकष जवळपास तेच राहिले, बंधन तेवढं गळालं. गाइडलाइन विचारात घ्यावी लागते. तिच्यामुळे तिजोरी आपोआप उघडत नाही. दोन्हींवर शिक्का ‘नाइस’चाच, म्हणून लोक फसतात.

2011 मध्ये हे कोर्टात दिसलं. पेशंटचा बीएमआय 40 च्या वर, मधुमेहही होता. ‘नाइस’च्या हिशोबाने चोख पात्र. एनएचएसचा पैसा देणाऱ्या स्थानिक ट्रस्टची अट मात्र 50 ची. खासगी व कौटुंबिक जीवनाच्या हक्काचा मुद्दा मांडूनही अपील कोर्टाने त्याच्या विरोधात निकाल दिला.

मग हातात काय उरतं? एनएचएसच्या सनदेप्रमाणे निर्णय पुरावा नीट तपासून व्हायला हवा आणि नकार दिला तर कारण सांगायला हवं. हा हक्क खरा आहे, आणि माझ्या मते भांडायचं तर याच्यावरच. शिवाय अपवादात्मक केस म्हणून वेगळा अर्ज करता येतो. त्यात ‘हा माझा हक्क आहे’ लिहून पान वाया घालवू नये; आपली तब्येत त्याच अवस्थेतल्या इतर पेशंटांपेक्षा वेगळी कशी, ते रिपोर्टसकट लिहावं. कोर्टात हरलेल्या त्या पेशंटला पुढे मंजुरी मिळाली, ती नव्याने केलेल्या अर्जावर.