डबा सारखाच, ओल वेगळी: लेपर्ड गेकोचं ह्युमिड हाइड आणि ले बॉक्स

लेपर्ड गेको ही ठिपक्यांची पाल पाळणाऱ्या कुणाच्याही टँकमध्ये डोकावलात तर एका कोपऱ्यात झाकण लावलेला प्लास्टिकचा डबा दिसतो. बाजूला किंवा झाकणावर गोल भोक, आत काहीतरी ओलं. कुणी त्याला ह्युमिड हाइड (लपायची दमट जागा) म्हणतं, कुणी ले बॉक्स (अंडी घालायचा डबा). बरेच जण दोन्ही नावं एकाच डब्याला लावून मोकळे होतात. मीही पुष्कळ दिवस तेच करत होते, कारण बाहेरून बघून फरक सांगताच येत नाही. फरक आतल्या ओलीत आहे. ह्युमिड हाइडमध्ये ओल हवेसाठी असते, ले बॉक्समध्ये मातीसाठी. आत काय भरायचं, किती खोल, डबा कुठे ठेवायचा, हे सगळं तिथूनच ठरतं.

आधी ह्युमिड हाइड. हा प्राणी अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारताच्या कोरड्या, खडकाळ भागातला. मग त्याला दमट जागा कशाला, असं कुणीही विचारेल. पण तो दिवसभर उन्हात बसत नाही. दगडांच्या कपारीत, बिळात पडून राहतो आणि अंधार पडल्यावर बाहेर येतो. बिळातली हवा बाहेरच्यापेक्षा बरीच दमट असते. म्हणजे त्याला कोरडा मुलूख आणि दमट बीळ अशा दोन्ही गोष्टी लागतात. टँकमध्येही तेच हवं: एकूण हवेत 30 ते 40 टक्के आर्द्रता, आणि डब्याच्या आत 70 ते 80.

इथेच एक ठरलेली चूक होते. कात अडकली की घाबरून लोक सगळ्या टँकमध्ये पाणी फवारतात. आर्द्रता मोजणाऱ्या हायग्रोमीटरवरचा आकडा वाढतो, मनाला बरं वाटतं, आणि काही आठवड्यांनी गेकोला श्वसनाचा त्रास सुरू होतो. दमटपणा त्याला हवा तेव्हा मिळावा आणि नको तेव्हा त्यातून बाहेर पडता यावं, यासाठी तर हा डबा.

कात जवळ आली की अंगाचा पिवळा रंग फिका पडतो, काळे ठिपके धूसर होतात, पिठात लोळून आल्यासारखा तो पांढुरका दिसतो. हा पांढुरकेपणा दिसला की माझा गेको आपणहून डब्यात शिरतो आणि क्वचितच बाहेर डोकावतो. मग तोंडापाशी कातडी सुटते. ती दातांत धरून तो ओढत जातो, बोटांवरून हातमोजा काढावा तशी उपसतो आणि चक्क गिळून टाकतो. सकाळी मागमूसही उरत नाही, त्यामुळे नवख्या माणसाला कात कधी पडली हे कळतच नाही. डबा कोरडा असेल तर ते मात्र लगेच कळतं: बोटांवर आणि शेपटीच्या टोकाशी पांढरी वळी राहतात. ती वाळून आवळत जातात, रक्त पोचेनासं होतं आणि बोट काळं पडून गळतं. गेलेलं बोट पुन्हा येत नाही. म्हणून प्रत्येक कातीनंतर बोटं मोजल्यासारखी तपासायची. वळं दिसलं तर बोटं भिजतील इतक्याच कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटं ठेवून ओल्या कापसाच्या काडीने हलकेच सोडवायचं. कोरडं असताना ओढायचं नाही. डोळ्यावरची कात तर घरी काढायचीच नाही, त्यासाठी पशुवैद्य. आणि डबा नीट असूनही कात वारंवार अडकत असेल तर खोट डब्यात नाही. ‘अ’ जीवनसत्त्व कमी पडलं तरी असं होतं, आजारपणातही होतं.

आत भरायला स्फॅग्नम मॉस (पाणी धरून ठेवणारं शेवाळ) किंवा साधा घडी घातलेला टिश्यू पेपर. मी टिश्यूवाली. घाण लगेच दिसते, दोन दिवसांनी बदलला की झालं, आणि किडा पकडताना तोंडात मॉसचा बोकाणा जाण्याची भीती नाही. मॉस वापरायचंच असेल तर तीनएक सेंटिमीटरचा थर पुरतो. ते भिजवून इतकं पिळायचं की मुठीत दाबल्यावर फार तर एखादा थेंब यावा. तळाशी पाणी साचलं की ते डबकं झालं. पोटाची कातडी सतत ओली राहिली तर तिला इजा होते. डब्याला हवेसाठी म्हणून दहा भोकंही पाडू नका, सगळी वाफ निघून जाते. एक दार पुरे. त्याची कड सँडपेपरने गुळगुळीत करा आणि माप घेताना गेकोचं पोट भरलेलं आहे असं धरून चाला.

जागा टँकच्या उबदार बाजूला किंवा मध्यावर. उबेने पाण्याची वाफ होते आणि आतली हवा दमट राहते. तोच डबा थंड कोपऱ्यात ठेवला तर आत नुसतं गार, गिळगिळीत लागतं आणि गेको तिकडे फिरकत नाही. “माझा गेको ह्युमिड हाइड वापरतच नाही” या तक्रारीमागे बहुतेक वेळा जागाच चुकलेली असते.

आता ले बॉक्स. हा फक्त मादीसाठी, आणि तिचं नराशी मीलन झालेलं नसलं तरीही. हे वाक्य मला वेळेवर कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. कोंबडी जशी कोंबड्याशिवाय अंडी देते, तशी प्रौढ गेको मादीही नराशिवाय अंडी देऊ शकते. त्यातून पिल्लं निघत नाहीत, पण अंडी पोटात तयार झाली की बाहेर यावीच लागतात. साधारणपणे एका खेपेला दोन, आणि हंगामात अशा अनेक खेपा.

अंडी असली की पोटाच्या पातळ कातडीतून दोन फिकट, लांबट गोळे दिसतात. मादी खाणं कमी करते आणि टँकचे कोपरे उकरू लागते. तिला दमट हवा नको असते, खणायला जमीन हवी असते. म्हणून ले बॉक्समध्ये आठ-दहा सेंटिमीटर खोल भर लागते: ओलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), हवं तर त्यात धुतलेली बारीक वाळू. परीक्षा मुठीचीच, पण निकष वेगळा. कोकोपीटचा लाडू वळला पाहिजे, त्यातून पाणी गळता कामा नये, आणि भरलेल्या डब्यात बोट खुपसून काढल्यावर भोक तसंच उभं राहिलं पाहिजे. भोक ढासळलं तर तिचा बोगदाही ढासळणार. टिश्यू पेपर इथे कुचकामी. मॉसमध्ये काही माद्या अंडी घालतात हे खरं, पण खणल्याचं समाधान त्यात मिळत नसावं, असं मला त्यांच्या येरझाऱ्यांवरून वाटतं. दार उंचावर किंवा झाकणात हवं, नाहीतर सगळी भर बाहेर. डबा इतका मोठा हवा की तिला आत पूर्ण वळता यावं. हा डबा ऐन हीट मॅटवर, म्हणजे ऊब देणाऱ्या चटईवर, ठेवू नका. खालून भर वाळते आणि वरून ओली दिसत राहते.

ले बॉक्स म्हणजे इन्क्युबेटरही नाही. मीलन झालेलं असेल आणि पिल्लं हवी असतील तर अंडी त्याच दिवशी, न फिरवता, वरच्या बाजूला पेन्सिलीची खूण करून वेगळ्या पेटीत हलवावी लागतात. या प्राण्यात नर की मादी हे तापमानावर ठरतं: साधारण 26-27 अंशांना बहुतेक माद्या, 32-33 ला बहुतेक नर. तो विषय मोठा आहे, इथे पुरे.

मादीला खणायला मनाजोगी जागा मिळाली नाही तर ती अंडी धरून ठेवू शकते. कॅल्शियम कमी पडल्यानेही अंडी अडतात. दिवसेंदिवस उकरणं चालू आहे, पोटातले गोळे तसेच आहेत आणि ती मलूल पडली आहे असं दिसलं तर थांबायचं नाही, थेट पशुवैद्याकडे जायचं. पोट दाबून मदत करायला जाल तर अंडं आतच फुटेल.

मग एकाच डब्यात दोन्ही भागवता येईल का? ओल्या कोकोपीटचा खोल डबा उबदार जागी ठेवला तर त्यातली हवाही दमट राहते, त्यामुळे अडल्या वेळी चालतं. उलटं चालत नाही. टिश्यूच्या डब्यात कितीही ओल असली तरी खणणार काय?

हे मला शिकवलं ते माझ्या गेकोने, ठिपक्याने. तो नर म्हणून माझ्याकडे आला होता. पिल्लांत ओळखणं अवघडच, मोठेपणी नराच्या मागच्या पायांमध्ये बारीक छिद्रांची उलट्या ‘व्ही’सारखी ओळ दिसते, ती मी कधी बघितलीच नव्हती. एका सकाळी ह्युमिड हाइडचं झाकण उघडलं तर टिश्यूवर दोन अंडी, एक वाळून चेपलेलं. टिश्यूच्या चिंध्या झालेल्या, पुढच्या पायांची नखं तळाच्या प्लास्टिकवर घासून तिथे पांढरे ओरखडे उठलेले. ठिपक्याची त्या दिवशी ठिपकी झाली.

तीनएक आठवड्यांनी पोटात पुन्हा गोळे दिसले, तेव्हा दुसरा डबा तयार होता. रात्रभर आतून खरखर चालली होती. सकाळी पाण्याच्या वाटीत कोकोपीट तरंगत होतं, ले बॉक्समधली भर थापून सारखी केलेली होती, आणि ठिपकी शेजारच्या ह्युमिड हाइडमध्ये, कुशी खपाटीला गेलेल्या, हनुवटी ओल्या टिश्यूवर टेकून झोपली होती.