उंची वाढते म्हणून पाय दुखतात?

"उंची वाढतेय गं, म्हणून दुखतात पाय." मूल रात्री पाय दुखतात म्हणून रडलं, की पुण्यात आजीपासून सोसायटीच्या ग्रुपपर्यंत सगळे हेच सांगतात. पण ते खरं नाही. मूल सर्वांत झपाट्यानं वाढतं ते पहिल्या वर्षात आणि मग वयात येताना. हे रात्रीचं दुखणं मात्र साधारण ३ ते १२ या वयातलं.

त्याची ओळख सोपी आहे. दिवसभर हुंदडलेलं, पर्वती चढून आलेलं मूल रात्री पोटऱ्या धरून रडत उठतं. दुखतात दोन्ही पाय, सांधे नव्हेत. सकाळी तेच मूल रिक्षाकडे पळत सुटतं. अशा वेळी पाय चोळावेत, कोमट शेक द्यावा. फारच झालं तर वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल, तेही डॉक्टरांना विचारून. ॲस्पिरिन मुलांना देऊच नका.

८ ते १४ वर्षांच्या खेळाडू मुलांची टाच दुखते, ते वेगळं. टाच दोन्ही बाजूंनी चिमटीत दाबली की मूल कळवळतं. तिथल्या कोवळ्या हाडावर पोटरीचा स्नायू ओढ देत असतो. खेळ थोडा कमी करावा, मऊ टाचेचे बूट घालावेत, पोटरी ताणण्याचे व्यायाम करावेत.

मला खरी काळजी वाटते ती "वाढीचंच आहे" म्हणून अंगावर काढलेल्या दुखण्याची. एकच पाय सतत दुखणं, लंगडणं, सूज, ताप, सकाळी सांधे आखडणं, वजन घटणं, यांतलं काहीही दिसलं तर लगेच बालरोगतज्ज्ञांकडे जा. गुडघा दुखतो म्हणणाऱ्या मुलाचा खुबाही तपासायला सांगा. खुब्यातलं दुखणं पुष्कळदा गुडघ्यातच जाणवतं.