डोजो निवडायच्या आधी तो कुठून आला ते बघा

मोठ्या शहरात कुठल्या डोजोमध्ये, म्हणजे जपानी युद्धकला शिकवणाऱ्या शाळेत, नाव घालायचं हा प्रश्न आजचा नाही. 19व्या शतकाच्या पूर्वार्धात एडो म्हणजे आत्ताचं टोकियो, दहा लाखांच्या आसपास वस्तीचं शहर, आणि तिथे तलवार शिकवणारे डोजो भरपूर होते. त्यातले तीन सगळ्यात नावाजलेले, चिबा शूसाकूचं गेन्बुकान, साइतो याकुरोचं रेनपेइकान आणि मोमोई शुन्झोचं शिगाक्कान. तंत्र बघावं चिबाकडे, ताकद साइतोकडे आणि रुबाब मोमोईकडे अशी म्हणच पडली होती. प्रांताप्रांतातून तरुण सामुराई शिकायला यायचे. पुढे क्रांतिकारक म्हणून गाजलेला साकामोतो र्योमा 1853 मध्ये तोसा प्रांतातून आला तो शूसाकूच्या धाकट्या भावाच्या डोजोत गेला, तोसाचाच ताकेची हानपेइता शिगाक्कानमध्ये, आणि पुढे मेइजी सरकारात मोठा नेता झालेला कात्सुरा कोगोरो रेनपेइकानमध्ये. म्हणजे डोजो निवडणं म्हणजे ओळखीपाळखी निवडणंही होतं.

चिबाकडे एवढी गर्दी का व्हायची याची दोन कारणं मला फार महत्त्वाची वाटतात. एक म्हणजे शिनाइ, म्हणजे बांबूची सरावाची तलवार, आणि अंगावर चिलखतासारखं बोगू घालून खरेखुरे वार करत सराव, ही पद्धत 18व्या शतकातच रुळायला लागली होती, ती त्याने जोरात चालवली. दुसरं, जुन्या इत्तो-र्यूमध्ये (र्यू म्हणजे घराणं) आठ पायऱ्या होत्या आणि प्रत्येक पायरीला गुरूला भेटवस्तू, खर्च, समारंभ, ते सगळं त्याने तीन पायऱ्यांवर आणलं. आज आपण ज्याला 'अस्सल जुनं' म्हणतो त्यातसुद्धा शहरातल्या विद्यार्थ्यांना परवडावं म्हणून असे बदल झालेले आहेत, आणि ते वाईट झाले असं मला अजिबात वाटत नाही.

त्याच्याही मागे गेलं की येतात खरी जुनी घराणी, ज्यांना कोर्यू म्हणतात, ढोबळमानाने 1868 च्या मेइजी क्रांतीच्या आधीची. टोकियोजवळच्या चिबा प्रांतातलं कातोरी शिंतो-र्यू 15व्या शतकात इइझासा इएनाओपासून सुरू झालं असं मानतात आणि ते आजही चालू आहे. तिथे प्रवेश घेताना शपथ घ्यावी लागायची, रक्ताचा ठसा देऊन, की इथलं शिक्षण बाहेर कुणाला दाखवणार नाही वगैरे. तलवार, नागिनाता म्हणजे लांब दांड्याचं पातं, काठी, भाला सगळं एकाच घराण्यात. रंगीत बेल्ट नाही, परीक्षा नाही, गुरूला वाटलं की तुम्हाला गुंडाळी मिळायची ज्यात त्या टप्प्यावरच्या तंत्रांची नावं लिहिलेली, आणि शेवटी मेन्क्यो काइदेन म्हणजे पूर्ण विद्या दिली याचा दाखला. हे सगळं एका माणसाकडून दुसऱ्या माणसाकडे जाणारं, त्यामुळे मोठ्या शहरात मोठ्या हॉलमध्ये शंभर जणांना शिकवायची ती गोष्टच नव्हती.

मग मेइजी आलं आणि सगळं कोसळलं. जहागिऱ्या गेल्या, 1876 मध्ये तलवार कमरेला लावून फिरायला बंदी आली, तलवारीचे गुरू अक्षरशः बेकार झाले. साकाकिबारा केन्किचीने 1873 मध्ये आसाकुसात तिकीट लावून तलवारबाजीचे खेळ भरवले, त्यावर जुन्या लोकांनी नाकं मुरडली पण त्यातून कितीतरी जणांच्या पोटाची सोय झाली. पुढे टोकियोच्या पोलिसांनी तलवारीचे शिक्षक नेमले आणि ती विद्या टिकली. जुजुत्सू म्हणजे बिनहत्यारी झटापटीची विद्या, तिचे गुरू तर हाडं बसवून पोट भरत होते, पुढे ज्युदो सुरू करणाऱ्या कानो जिगोरोला 1877 मध्ये पहिला गुरू भेटला तो असाच हाडवैद्यच.

कानो हा या गोष्टीतला माझ्या मते सगळ्यात मोठा माणूस. विद्यापीठात शिकणारा, अंगाने लहानसा, त्याने तेन्जिन शिन्यो-र्यू आणि कितो-र्यू ही दोन घराणी शिकून 1882 मध्ये टोकियोच्या एइशोजी देवळात बारा ताताम्यांच्या (गवती चटयांच्या) खोलीत नऊ विद्यार्थ्यांना घेऊन कोदोकान ही ज्युदोची शाळा सुरू केली. धोकादायक तंत्रं बाजूला काढून कातामध्ये, म्हणजे ठरलेल्या हालचालींच्या सरावात, ठेवली आणि बाकीची मोकळेपणाने एकमेकांवर करून बघायला दिली. दान ही श्रेणी मार्शल आर्ट्समध्ये त्याने आणली, 1883 मध्ये पहिले शोदान म्हणजे पहिल्या पायरीचे दान दिले, आणि काळा पट्टाही कोदोकानमध्येच त्यानंतर काही वर्षांत आला. म्हणजे लोक ज्याला प्राचीन जपानची खूण समजतात तो ब्लॅक बेल्ट 19व्या शतकाच्या शेवटाकडचा, आणि खालचे रंगीबेरंगी बेल्ट तर त्याच्याही नंतरचे, ते पसरले मुख्यतः युरोपातून, 1930 च्या दशकात पॅरिसला शिकवणाऱ्या कावाइशीमुळे. त्यामुळे एखादा क्लास बेल्टची रांग दाखवून 'आमचं पारंपरिक' म्हणत असेल तर ते चूक नाही, पण ती परंपरा कानोनंतरची आहे एवढं डोक्यात असू द्या.

1895 मध्ये क्योतोला दाइ निप्पोन बुतोकुकाइ ही युद्धकलांची संघटना स्थापन झाली आणि सगळ्या कलांना एका छत्राखाली आणायला लागली, पदव्या, श्रेणी, स्पर्धा, शाळांमधले शिक्षक. कराटे या सगळ्यात उशिरा आलं. ओकिनावाचे फुनाकोशी गिचिन 1922 मध्ये टोकियोला प्रात्यक्षिक दाखवायला आले, कानोने त्यांना कोदोकानमध्येही बोलावलं, आणि ते टोकियोतच राहिले. पांढरा पोशाख, पट्टा, दान हे कराटेने ज्युदोकडूनच घेतलं, पहिले दान फुनाकोशींनी 1924 मध्ये दिले. म्हणून आज शहरात 'पारंपरिक कराटे' म्हणून जे शिकवतात त्यात विद्या ओकिनावाची, पण रांगेत उभं राहून मोजत सराव करायची सगळी पद्धत टोकियोच्या युनिव्हर्सिटी क्लबांची, हे मिश्रण ओळखता आलं की कुठला क्लास काय देतोय ते पटकन कळतं.

युद्धानंतर पुन्हा उलथापालथ झाली. 1945 नंतर अमेरिकन ताब्यात शाळांमधून बुदो म्हणजे युद्धकला बंद, 1946 मध्ये बुतोकुकाइ बरखास्त, केंडोला म्हणजे शिनाइच्या तलवारबाजीला तर सगळ्यात जास्त फटका बसला आणि त्याची राष्ट्रीय संघटना थेट 1952 मध्ये उभी राहिली. पण त्याच काळात अमेरिकन सैनिक जपानमध्ये शिकायला लागले, 1952 मध्ये त्यांच्या हवाई दलाच्या एका विभागाने माणसं कोदोकानला पाठवली, आणि असे बरेच सैनिक थोडा काळ शिकून बेल्ट घेऊन घरी परतले आणि त्यांनी शाळा काढल्या. काहींनी पुढे आयुष्यभर शिकत राहून फार चांगलं काम केलं, काही जिथे होते तिथेच थांबले, आणि दोघांच्याही विद्यार्थ्यांचे विद्यार्थी आज शहरात पाट्या लावून बसलेत, बाहेरून फरक कळत नाही. मग 1964 च्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये ज्युदो आला, त्यासाठी निप्पोन बुदोकान हे सभागृह बांधलं गेलं, डच आन्तोन गेसिंकने ओपन गटात सोनं जिंकलं आणि जगभर लाट आली.

लाटेबरोबर फुटीही आल्या. आयकिडो सुरू करणारे उएशिबा मोरिहेइ 1969 मध्ये गेले, 1974 मध्ये तोहेइ कोइची आयकिकाइ या आयकिडोच्या मूळ संघटनेतून बाहेर पडले, शिओदा गोझोंचं योशिनकान तर 1955 पासूनच वेगळं होतं. ओयामा मासुतात्सु 1994 मध्ये गेल्यावर त्यांच्या क्योकुशिन कराटेचे तुकडे झाले. म्हणून एकाच शहरात एकाच नावाच्या तीन पाट्या दिसतात आणि त्या एकमेकांच्या श्रेणी मानतीलच असं नाही. यात खरा कोण खोटा कोण असा निवाडा करत बसू नका. विचारायचं ते एवढंच, की तुमच्या श्रेणीच्या दाखल्यावर सही कुणाची असते, तुमचे गुरू कोण, त्यांच्याकडे किती वर्षं होतात, आणि अजून जाता का. चांगल्या शिक्षकाला या प्रश्नांचा राग येत नाही, उलट आपल्या गुरूबद्दल तो भरभरून बोलायला लागतो.

कोर्यू म्हणवणारा ग्रुप सापडला तर जास्तच जपून बघा, कारण जपानबाहेर शिकवायची परवानगी असलेली माणसं कमी असतात आणि नाव वापरणारे पुष्कळ. खरा ग्रुप बहुतेक वेळा लहान असतो, भाड्याच्या हॉलमध्ये पाच-सात जण, घराण्याचं नाव आणि जपानमधल्या आपल्या गुरूचं नाव स्पष्ट सांगणारे, आणि आधी दोन-तीनदा येऊन नुसतं बसून बघा म्हणणारे. तसं म्हटलं तर टाळतायत असं समजू नका, जाऊन बसा.