प्राण्याच्या छळाची तक्रार कुठे, कशी करायची आणि त्याचा ताबा कसा मागायचा

बरेच जण तक्रार करताना "मालकाला कडक शिक्षा करा" एवढंच लिहून देतात आणि प्राण्याचं पुढे काय व्हावं हे लिहायचंच राहतं. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा आपला कायदा १९६० चा आहे, त्यातल्या कलम ११ खाली पहिल्या गुन्ह्याला दंड आहे १० ते ५० रुपये. हो, एवढाच. तीन वर्षांच्या आत परत केलं तर २५ ते १०० रुपये किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं आहे की अर्जात प्राण्याचा ताबा मागाच, कारण खरा फरक त्यानेच पडतो.

तक्रार कोण करू शकतं? कोणीही. प्राणी तुमचा असायला हवा, तुम्ही कुठल्या संस्थेचे मेंबर असायला हवं, असं काही नाही. मारहाण, उपाशी-तहानलेलं ठेवणं, आखूड किंवा जड साखळीला तासन्‌तास बांधणं, हलताही येणार नाही अशा पिंजऱ्यात कोंडणं, झेपणार नाही एवढं ओझं लादणं, आजारी जनावर कामाला जुंपणं, पाळलेला प्राणी रस्त्यावर सोडून देणं, हे सगळं कलम ११ मध्ये येतं.

आता पोलीस स्टेशनला काय होतं ते नीट समजून घ्या. कलम ११ मधले बहुतेक गुन्हे अदखलपात्र आहेत, म्हणजे पोलीस एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) लिहून घेतात आणि तपासासाठी मॅजिस्ट्रेटची परवानगी लागते, त्यामुळे "फक्त एनसी घेतली" म्हणून तिथेच भांडत बसू नका, एनसीची कॉपी घ्या आणि तपासाच्या आदेशासाठी कोर्टात अर्ज करा. पण प्राण्याला मारून टाकलं, विष घातलं, कायमचं लुळं-पांगळं केलं तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५ लागतं, ते दखलपात्र आहे, पाच वर्षांपर्यंत कैद आहे, आणि जुन्या भारतीय दंड संहितेत प्राण्याची किंमत बघायचे तसं आता नाही, कुठलाही प्राणी चालतो. इथे एफआयआरच मागायचा. हद्दीचं कारण सांगितलं तर झिरो एफआयआर (हद्द कुठलीही असली तरी नोंदवता येतो तो) मागा, तरीही नाही घेतला तर पोलीस अधीक्षकांना लेखी पाठवा, मग मॅजिस्ट्रेटकडे जा.

प्राण्यांच्या झुंजी लावणं पण दखलपात्र आहे.

सगळ्यात महत्त्वाचं, १९६० च्या कायद्याखालची केस घटनेपासून तीन महिन्यांच्या आत उभी राहायला लागते (कलम ३६). मालकाला समजावण्यात आणि सोसायटीच्या मीटिंगांमध्ये हे तीन महिने कधी निघून जातात कळत नाही, तेव्हा समजावणं चालू ठेवा पण अर्ज आधी देऊन टाका.

अर्जासोबत काय लागेल: तुमचं ओळखपत्र, अर्जाच्या दोन प्रती (एकीवर तारखेसह पोच घ्यायची, शिक्का घेतल्याशिवाय निघू नका), फोटो-व्हिडिओ, साक्षीदारांची नावं, आणि मिळत असेल तर व्हेटचा रिपोर्ट. व्हिडिओ ज्या मोबाईलवर काढला त्यातून डिलीट करू नका, कोर्टात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडावं लागतं. अर्जात "अत्यंत निर्दयीपणे" वगैरे विशेषणं नकोत, तारीख, वेळ, जागा, साखळी साधारण किती लांब, पाण्याचं भांडं होतं का, जखम कुठे आहे हे लिहा. प्राणी मेला असेल तर पुरू नका, शवविच्छेदन पोलिसांच्या पत्राने सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात होतं आणि त्या रिपोर्टशिवाय विषबाधा सिद्ध करणं फार अवघड जातं.

आता ताबा. कॉन्स्टेबलच्या वरचा कुठलाही पोलीस अधिकारी १९६० च्या कायद्याच्या कलम ३४ खाली प्राणी जप्त करून तपासणीला नेऊ शकतो, अर्जात हे कलम लिहून जप्तीची मागणी करा. जप्त झालेल्या जनावरांसाठी २०१७ चे वेगळे नियम आहेत, त्याप्रमाणे केस चालू असताना मॅजिस्ट्रेट प्राण्याला पांजरपोळ, गोशाळा, एसपीसीए (प्राण्यांवरची क्रूरता रोखणारी संस्था) किंवा प्राणी कल्याण संस्थेकडे ठेवायला सांगू शकतात. म्हणून आधीच एखाद्या संस्थेशी बोला, "आम्ही सांभाळायला तयार आहोत, जागा आहे, व्हेट आहे" असं त्यांच्या लेटरहेडवर पत्र घ्या आणि अर्जाला जोडा. हे पत्र नसेल तर जप्त करून ठेवायचं कुठे हा पोलिसांचा प्रश्न खराच असतो आणि प्राणी परत त्याच दावणीला जातो.

कितीही जीव तुटला तरी कोणाच्या आवारात शिरून प्राणी उचलून आणू नका, कायद्याने तो मालकाची मालमत्ता आहे, चोरीची तक्रार उलट तुमच्यावर येते. मोकाट जखमी प्राण्याला मात्र कुठल्याही अर्जाशिवाय थेट उपचाराला न्या, जनावरांच्या फिरत्या दवाखान्यासाठी १९६२ वर फोन करा. देशी पोपट, कासव, घुबड असं काही असेल तर ते १९७२ च्या वन्यजीव कायद्यात येतं, वन विभागाला कळवा, चांगल्या हेतूनेसुद्धा घरी ठेवून घेऊ नका.

ताबा संस्थेकडे गेल्यावर दर तारखेला कोर्टात कोणीतरी हजर राहील हे बघा, कारण मालक ताबा परत मागायला अर्ज करतो आणि त्या दिवशी प्राण्याच्या बाजूने बोलायला कोणी नसेल तर तो मंजूर व्हायला वेळ लागत नाही. व्हेटकडून वजनाची आणि जखमांची नोंद आल्या दिवसापासून ठेवून घ्या, या अर्जाला उत्तर देताना तीच कामाला येते.