ऑप्टोमेट्रिस्टांचे पदव्युत्तर आणि निरंतर शिक्षण (गोवा)

बी.ऑप्टोम. (ऑप्टोमेट्रीची पदवी) होऊन व्यवसायात उतरलेल्या ऑप्टोमेट्रिस्टने पुढे घेतलेले शिक्षण. दोन वर्षांची एम.ऑप्टोम. (पदव्युत्तर पदवी), नेत्रसंस्थेतील फेलोशिप, पीएच.डी. आणि काम सांभाळून केलेल्या कार्यशाळा व प्रात्यक्षिके हे सारे त्यात येते. ऑप्टोमेट्रिस्ट नंबर काढतो, कॉन्टॅक्ट लेन्स बसवतो आणि रोगाची चिन्हे दिसली की नेत्रतज्ज्ञाकडे पाठवतो. शस्त्रक्रिया त्याच्या कक्षेत येत नाही.

गोव्यात या शिक्षणाची निकड मधुमेहामुळे फार मोठी आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी मधुमेह अभ्यासात देशात मधुमेहाचे प्रमाण ११.४ टक्के आढळले, तर गोव्यात ते २६.४ टक्के, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक होते. मधुमेह असलेला माणूस म्हापशात किंवा फोंड्यात चष्म्याच्या दुकानात येतो तो ‘जवळचे वाचता येत नाही’ म्हणून. चाळिशीचा चष्मा घेऊन तो जातो, डोळ्यातला मागचा पडदा (रेटिना) मात्र कोणी पाहिलेला नसतो. मधुमेहाने पडद्यावर होणारा विकार सुरुवातीला काहीच त्रास देत नाही; दृष्टी ६/६ म्हणजे अगदी सामान्य असतानाही बारीक लाल ठिपके उमटलेले असू शकतात. पुढे पिवळसर डाग दिसू लागतात, रक्तस्राव होतो. पडद्याचे छायाचित्र घेणाऱ्या फंडस कॅमेऱ्याच्या चित्रात पहिला ठिपका ओळखणे पुस्तक वाचून जमत नाही. नेत्रतज्ज्ञाच्या शेजारी बसून चित्रामागून चित्र तपासावे लागते, आपला निष्कर्ष त्याच्या निष्कर्षाशी ताडून पाहावा लागतो. गोव्यातील निरंतर शिक्षणात पहिला मान या सरावाला मिळायला हवा. साखर वरखाली झाली की नंबरही बदलतो. महिन्यापूर्वीचा चष्मा अचानक चालेनासा झाला तर नवी काच देण्याआधी साखर तपासून घ्यायला सांगणे हेही याच शिक्षणाचा भाग आहे.

एम.ऑप्टोम.मध्ये कॉन्टॅक्ट लेन्स, बालदृष्टी, द्विनेत्री दृष्टी, अल्पदृष्टी अशा विषयांत खोलवर जाता येते. केराटोकोनसच्या (बुबुळावरचा पारदर्शक पडदा पातळ होऊन शंकूसारखा फुगण्याच्या विकाराच्या) रुग्णाला स्क्लेरल लेन्स, म्हणजे डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकणारी मोठी लेन्स, बसवणे किंवा मुलांचा वाढता मायनस नंबर रोखण्याचे उपाय जाणणे ही कौशल्ये पदवीच्या वर्षांत जेमतेम तोंडओळखीपुरती येतात. चेन्नईचे एलिट स्कूल ऑफ ऑप्टोमेट्री (१९८५) आणि हैदराबादची एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्था ही या क्षेत्रातील जुनी नावे आहेत. गोव्याला जवळ पडतात ती पुणे आणि कर्नाटकातील मणिपाल इथली महाविद्यालये. मडगावहून कोकण रेल्वेने उडुपीला उतरले की मणिपाल हाकेच्या अंतरावर. तरी दोन वर्षे दुकान बंद ठेवणे सगळ्यांना परवडत नाही, आणि ही अडचण खरी आहे.

कायद्याच्या बाजूने, २०२१ च्या राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याने ऑप्टोमेट्रिस्टना देशपातळीवर वैधानिक मान्यता दिली आणि राज्य परिषदा व नोंदणीची तरतूद केली. त्याआधी ऑप्टोमेट्री कौन्सिल ऑफ इंडियाकडील नोंदणी ऐच्छिक होती. २०२५ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने या कायद्याखालील अभ्यासक्रम दूरस्थ व ऑनलाइन पद्धतीने चालवण्यास मनाई केली. रेटिनोस्कोपीत (डोळ्यात प्रकाशपट्टी फिरवून नंबर काढण्याच्या तपासणीत) प्रकाशाची हालचाल संगणकाच्या पडद्यावर पाहून हात बसत नाही, त्यामुळे हा निर्णय योग्यच आहे. मात्र मनाई पदवी अभ्यासक्रमांना आहे, सुटी व्याख्याने ऐकायला आडकाठी नाही. काही देशांत निरंतर शिक्षण सक्तीचे असते; ब्रिटनमध्ये दर तीन वर्षांच्या चक्रात ३६ गुण मिळवावे लागतात.

काम करणाऱ्याला सोयीचा मार्ग म्हणजे ऐकण्याचा भाग घरून आणि हाताचा भाग प्रत्यक्ष. गोव्यात दुपारी एकनंतर बरीच दुकाने बंद होतात. ती वेळ ऑनलाइन व्याख्यानाला पुरते. हाताच्या सरावासाठी बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयासारखे ठिकाण गाठावे लागते. आणि पाठवलेल्या रुग्णाचे पुढे काय झाले, निदान बरोबर होते का, हे नेत्रतज्ज्ञाने दोन ओळींत कळवले तर पेडणे किंवा सत्तरीत एकट्याने काम करणाऱ्या ऑप्टोमेट्रिस्टला त्यातून जितके शिकता येते तितके कुठल्याही प्रमाणपत्रातून येत नाही.