पार्श्वभूमी: पोर्शे ९११मधलं तिसरं पेडल

२०१३ साली जिनिव्हाच्या मोटर शोमध्ये पोर्शेनं नवी ९११ जीटी३ उभी केली, तेव्हा तिच्यात क्लचचं पेडल नव्हतं. १९९९पासून निघालेली प्रत्येक जीटी३ मॅन्युअल होती. ही तर ९११च्या घराण्यातली ट्रॅकच्या सगळ्यात जवळची गाडी, आणि नेमकं तिच्यातूनच क्लच गेला. तीन वर्षांनी, त्याच शोमध्ये, पोर्शेनं ९११ आर आणली. ती फक्त मॅन्युअल होती, आणि एकूण ९९१च गाड्या बनणार होत्या. स्पोर्ट्स कार घेताना मॅन्युअल की ऑटोमॅटिक, हा प्रश्न आज ज्या रूपात समोर येतो ते रूप या तीन वर्षांत घडलं. त्याआधीही प्रश्न होताच, पण उत्तर सोपं होतं: वेग हवा तर मॅन्युअल, आराम हवा तर ऑटोमॅटिक.

आज ज्याला आपण सहज गिअर टाकणं म्हणतो, ते सुरुवातीला सहज नव्हतं. जुन्या गिअरबॉक्समध्ये दोन गिअरांचा वेग जुळला नाही की दात करकरायचे. म्हणून डबल क्लच मारावा लागे: क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून थोडी रेस, पुन्हा क्लच, मग गिअर. १९२८च्या कॅडिलॅकमध्ये सिंक्रोनायझर आले आणि हा त्रास कमी झाला. सिंक्रोनायझरची रिंग आधी घर्षणानं दोन्ही भागांचा वेग एक करते आणि मगच दात एकमेकांत बसू देते. पोर्शेनं स्वतःच्या धाटणीची, चिरलेल्या रिंगची सिंक्रो यंत्रणा बनवली, १९५२पासून ती ९११च्या आधीच्या ३५६मध्ये दिली आणि पुढे इतर कंपन्यांनाही तिचे हक्क विकले. म्हणजे मॅन्युअल गिअरबॉक्स ही या कंपनीची जुनी कमाई होती. तरीही मॅन्युअलला पर्याय शोधण्याची खटपट तिनं फार लवकर सुरू केली, हे लक्षात घेण्यासारखं आहे.

अमेरिकेत गाडं उलट्या दिशेनं सुरू झालं होतं. १९५३ची पहिली शेवरोले कॉर्व्हेट फक्त दोन गिअरच्या पॉवरग्लाइड ऑटोमॅटिकसह मिळायची. तीन गिअरचा मॅन्युअल आला १९५५मध्ये, व्ही८ इंजिनाच्या पाठोपाठ. शर्यतीतही ऑटोमॅटिक अगदीच परकी नव्हती. जिम हॉलच्या शापराल २डीनं १९६६मध्ये जर्मनीतल्या नुरबुर्गरिंग ट्रॅकवरची १,००० किलोमीटरची शर्यत जिंकली, फिल हिल आणि यो बोनिए चालवत असताना, आणि तिच्यात क्लचचं पेडल नव्हतं.

पोर्शेचं पहिलं उत्तर १९६७मध्ये आलं: स्पोर्टोमॅटिक. ही यंत्रणा जरा जवळून पाहण्यासारखी आहे, कारण पुढच्या चाळीस वर्षांत जे जे झालं त्याचं बीज हिच्यात दिसतं. चार गिअरचा, हातानं टाकायचा साधा गिअरबॉक्स. त्याच्यापुढे निर्वातावर चालणारा एक कोरडा क्लच. आणि इंजिनाला लागून टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे इंजिनाची ताकद तेलाच्या प्रवाहातून पुढे देणारा भाग. कन्व्हर्टरसाठी वेगळं तेल नव्हतं, इंजिनाचंच तेल फिरायचं. क्लचचं पेडल काढून टाकलेलं. गिअरच्या दांड्यात एक बारीक स्विच होता. हात दांड्यावर टेकला की तो जुळायचा, निर्वाताचा व्हॉल्व्ह उघडायचा आणि क्लच दाबला जायचा. गिअर टाकून हात काढला की क्लच पुन्हा पकडायचा. सिग्नलला गिअरमध्येच थांबता यायचं, कारण कन्व्हर्टर ती घसरण पचवायचा. अडचण एकच, पण सवयीची: बऱ्याच जणांचा हात चालवताना उगाच दांड्यावर विसावलेला असतो. स्पोर्टोमॅटिकमध्ये तसं केलं की इंजिन एकदम मोकळं होऊन ओरडायचं.

ही काही बाजारात फिरण्यापुरती सोय नव्हती. १९६७मध्येच व्हिक एल्फर्ड, हान्स हर्मान आणि योखेन नेर्पाश यांनी स्पोर्टोमॅटिक बसवलेली ९११ आर (२०१६च्या गाडीनं जिचं नाव घेतलं ती जुनी) नुरबुर्गरिंगवरच्या ८४ तासांच्या मॅरॅथॉन द ला रूतमध्ये जिंकून दाखवली. पुढे स्पोर्टोमॅटिक तीन गिअरची झाली आणि १९८०मध्ये बंद पडली. दहा वर्षांनी तिची जागा टिप्ट्रॉनिकनं घेतली. ती पूर्ण ऑटोमॅटिक होती, झेडएफ या जर्मन कंपनीच्या चार गिअरच्या डब्यावर बेतलेली. दांडा बाजूच्या खाचेत ढकलला की पुढे-मागे टिचकी मारून गिअर स्वतः बदलता यायचे. वेगाच्या हिशेबात मात्र ती मागेच राहिली. १९९०च्या सुमाराची ९११ कॅरेरा २ (९६४ पिढीतली) मॅन्युअलमध्ये ० ते १०० किमी ५.७ सेकंदांत गाठायची, टिप्ट्रॉनिकमध्ये ६.६. कारण सरळ आहे: एक गिअर कमी, वजन जास्त आणि कन्व्हर्टरच्या तेलात वाया जाणारी ताकद.

इटलीत तोवर वेगळी वाट निघाली होती. १९८९च्या ब्राझील ग्रां प्रीमध्ये नायजेल मॅन्सेलनं फेरारी ६४० ही फॉर्म्युला वनची गाडी पहिल्या नंबरात आणली. जॉन बर्नार्डनं आखलेल्या त्या गाडीत गिअर बदलायला स्टिअरिंगमागे पाती होती. रस्त्यावर हे तंत्र १९९७च्या एफ३५५ एफ१मधून आलं. गिअरबॉक्स नेहमीचा मॅन्युअल, क्लचही एकच. फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम हायड्रॉलिक पंप आणि व्हॉल्व्ह करतात. फेरारीसाठी हे तंत्र उभं करणाऱ्यांत माग्नेती मारेल्ली होती. त्याच कंपनीचं, त्याच तत्त्वावरचं स्वस्त यंत्र २०१४मध्ये मारुती सेलेरिओत बसलं आणि एएमटी या नावानं आपल्याकडे घरोघरी पोचलं. एएमटी गिअर बदलताना गाडी क्षणभर मान डोलावते, ते ज्यानं अनुभवलंय त्याला जुन्या फेरारीतला धक्का का बसतो हे वेगळं सांगावं लागणार नाही. एकच क्लच असला की तो सुटून पुन्हा पकडेपर्यंत चाकांना ताकद मिळत नाही. फेरारीनं ही वेळ ४३० स्कुदेरियात ६० मिलिसेकंदांपर्यंत खाली आणली, पण शून्य करणं या रचनेत शक्यच नव्हतं. शिवाय चढावर रिव्हर्स घेताना, पार्किंगमध्ये इंच-इंच सरकताना हा क्लच घासतो. म्हणून अशी जुनी गाडी घेणारा आधी कॉम्प्युटर लावून क्लच किती टक्के झिजलाय तो आकडा बघतो आणि मगच किमतीचं बोलतो.

ताकद तुटू न देता गिअर बदलायचा उपाय पोर्शेकडे तेव्हाच होता, पण फक्त शर्यतीच्या गाडीत. कल्पना त्याहून जुनी आहे. फ्रेंच अभियंता अडॉल्फ केग्रेसनं १९३०च्या दशकाच्या अखेरीस ती मांडली होती. गिअरबॉक्समध्ये एकात एक असे दोन शाफ्ट, प्रत्येकाला स्वतःचा क्लच. एकाकडे १, ३, ५ आणि दुसऱ्याकडे २, ४, ६. तुम्ही तिसऱ्यात असता तेव्हा चौथा आधीच लावून ठेवलेला असतो. बदलायच्या वेळी एक क्लच सुटत जातो आणि त्याच क्षणी दुसरा पकडत जातो. पोर्शेनं याला पीडीके म्हटलं आणि १९८०च्या दशकात ९५६ आणि ९६२मध्ये वापरून बघितलं. टर्बो इंजिनाला याचा खास फायदा होता: अॅक्सिलरेटरवरून पाय उचलावाच लागत नाही, त्यामुळे बूस्ट, म्हणजे टर्बोनं तयार केलेला हवेचा दाब, पडत नाही. १९८६मध्ये मॉन्झाला डेरेक बेल आणि हान्स श्टुक यांनी पीडीकेवाली ९६२ जिंकवली. पण डबा जड होता आणि दोन क्लचांची देवाणघेवाण गुळगुळीत ठेवायला लागणारी इलेक्ट्रॉनिक्स तेव्हा रस्त्यावरच्या गाडीइतकी तयार नव्हती. पहिल्यांदा ते जमवलं फोक्सवागेननं, २००३च्या गोल्फ आर३२मध्ये.

९११ला पीडीके २००८मध्ये मिळाली, सात गिअरची. इथे तराजू फिरला. त्या वर्षीची साधी कॅरेरा मॅन्युअलमध्ये १००ला ४.९ सेकंदांत पोचायची, पीडीकेत ४.७ आणि लाँच कंट्रोल (जागेवरून सुटताना कॉम्प्युटरची मदत) असेल तर ४.५ सेकंदांत. साध्या कॅरेरातही आता ऑटोमॅटिक मॅन्युअलपेक्षा वेगवान ठरली. मॅन्युअल चालवणाऱ्याचा हात कितीही सरावलेला असो, क्लच दाबून गिअर टाकून सोडायला वेळ जाणारच. इतर कंपन्यांनी तर हिशेब तिथेच संपवला. २००९च्या फेरारी ४५८मध्ये मॅन्युअल मिळालीच नाही, आणि २०२० मॉडेलच्या कॉर्व्हेटमध्येही नाही. १९५५ सालापासून, १९८२चा अपवाद सोडला तर, कॉर्व्हेटला मॅन्युअल होती, ती तिथे थांबली.

पोर्शेनं मधल्या काळात एक चूक केली असं माझं मत आहे. २०११च्या ९११मध्ये (९९१ पिढीत) सात गिअरची मॅन्युअल दिली, पीडीकेच्याच अंगावर बेतलेली. प्रवासी गाडीत अशी पहिलीच. सातवा गिअर केवळ इंधन वाचवायला होता. कमाल वेग सहाव्यातच यायचा. चुकून सातवा पडू नये म्हणून तो पाचव्या किंवा सहाव्यातूनच लागेल असं कुलूप घातलं. कागदावर सगळं ठीक, पण दांड्याच्या वाटा चार झाल्या आणि हाताला लागणारी नेमकी जागा हरवली. ९११ आरमध्ये म्हणूनच परत सहा गिअर आले. त्यातच सिंगल मास फ्लायव्हील (इंजिनाच्या टोकाला फिरणारं एकसंध जड चाक) मागवता यायचं, नेहमीच्या दुहेरीपेक्षा ५ किलो हलकं. त्यानं इंजिन पटकन फेऱ्या घ्यायचं आणि पटकन सोडायचं. बदल्यात न्यूट्रलमध्ये गिअरबॉक्स खडखडायचा. ते बिघाडाचं लक्षण नाही. दुहेरी फ्लायव्हीलमधल्या स्प्रिंग इंजिनाचे झटके शोषून घेतात. त्या काढल्या की झटके थेट गिअरांच्या दातांपर्यंत जातात.

२०१७च्या जीटी३मध्ये मॅन्युअल परत आली, जादा पैसे न घेता. त्या गाडीचे आकडे शेजारी शेजारी ठेवून बघावेत. पीडीके १,४३० किलो, मॅन्युअल १,४१३. शंभरपर्यंत पीडीके ३.४ सेकंद, मॅन्युअल ३.९. कमाल वेग पीडीकेचा ३१८ किमी, मॅन्युअलचा ३२०. अर्धा सेकंद हरायचा हे ठाऊक असूनही लोकांनी मॅन्युअल मागितली.

त्या अर्ध्या सेकंदाच्या बदल्यात चालवणाऱ्याच्या वाट्याला काय येतं ते वळणाआधी गिअर उतरवताना कळतं. उजव्या पायाच्या चवड्यानं ब्रेक दाबलेलाच ठेवायचा, डाव्यानं क्लच, दांडा चौथ्यातून तिसऱ्यात, आणि त्याच वेळी उजव्या पावलाच्या कडेनं अॅक्सिलरेटरला ठोसा देऊन फेऱ्या वर आणायच्या. मग क्लच सोडायचा. हे न करता क्लच सोडला तर मागची चाकं एकदम अडखळतात. ९११चं इंजिन मागच्या चाकांच्याही मागे आहे, त्यामुळे वळणात असं झालं तर शेपूट बाहेर जायला वेळ लागत नाही. नव्या गाड्यांत ही रेस कॉम्प्युटर देतो. निसानच्या ३७०झेडनं २००९मध्ये हे पहिल्यांदा आणलं. जीटी३मध्ये ते बंदही करता येतं आणि शिकायचं असेल तर बंदच ठेवावं.

मॅन्युअलमधली सगळ्यात महाग चूक यापेक्षा साधी असते. तिसऱ्यात मिनिटाला ८,००० फेऱ्यांवर गाडी आहे, चौथा टाकायला दांडा सरळ मागे ओढायचा. घाईत हात डावीकडे गेला की पडतो दुसरा. दुसऱ्या आणि तिसऱ्यातलं अंतर १.४ पट धरलं तर क्लच सुटताच चाकंच इंजिनाला ११,२०० फेऱ्यांवर नेतात. रेव्ह लिमिटर इथे काही करू शकत नाही. तो फक्त इंधन तोडतो, चाकांची ओढ थांबवत नाही. व्हॉल्व्ह वेळेत बंद होत नाहीत आणि पिस्टनला लागतात. पीडीके अशी आज्ञा सरळ नाकारते. म्हणूनच वापरलेली मॅन्युअल ९११ घेताना जाणकार ओव्हर-रेव्हचा अहवाल मागतात. इंजिनाचा कॉम्प्युटर मर्यादेपलीकडच्या फेऱ्या श्रेणीनुसार नोंदवतो, नंतरच्या ९११मध्ये सहा श्रेणींत, आणि शेवटची नोंद इंजिनाच्या कितव्या तासाला झाली तेही सांगतो. वरच्या श्रेणीत अलीकडची नोंद असेल तर गाडी सोडून द्यावी. सोबत इंजिन थंड असताना दुसरा गिअर टाकून बघावा. करकरला तर सिंक्रो गेलेत. क्लच दाबल्यावर घुरघुर येत असेल तर रिलीज बेअरिंग, आणि ते बदलायला गिअरबॉक्स खाली उतरवावाच लागतो.

पीडीकेची बाजू वेगळी. तिचे क्लच तेलात बुडालेले, त्यामुळे मुंबईसारख्या सरकत्या गर्दीत ते कोरड्या क्लचपेक्षा बरे टिकतात. पण क्लचचं तेल आणि गिअरांचं तेल वेगळं असतं आणि दोन्ही बदलल्याची नोंद सर्व्हिस बुकात असायला हवी. आतला एखादा सेन्सर गेला तरी खर्च मॅन्युअलच्या क्लच प्लेटच्या कितीतरी पुढे जातो.

आता निवड ग्राहकाच्या हातातही पूर्ण राहिलेली नाही. बीएमडब्ल्यूनं एम३मधून दुहेरी क्लच काढून पुन्हा टॉर्क कन्व्हर्टर आणला, कारण आठ गिअरचा झेडएफ डबा आता पुरेसा चपळ आहे आणि जास्त टॉर्क झेलतो. २०२०च्या एम३मध्ये ऑटोमॅटिक कॉम्पिटिशनला ६५० न्यूटन-मीटर आहेत, मॅन्युअलला ५५०. भारतात २०२३च्या एम२मध्ये दोन्ही गिअरबॉक्स मिळाले, तसं इथे फार क्वचित होतं. पोर्शेच्या ताज्या ९११मध्ये (९९२ पिढीत) साधी कॅरेरा, कॅरेरा एस आणि हायब्रिड जीटीएस या तिघी फक्त पीडीकेच्या. मॅन्युअल उरली ती कॅरेरा टी आणि जीटी३मध्ये. २०२५च्या एप्रिलमध्ये यॉर्ग बर्गमाइस्टरनं मॅन्युअल जीटी३ नुरबुर्गरिंगच्या पूर्ण फेरीत ६ मिनिटं ५६.२९४ सेकंदांत फिरवली. आधीच्या जीटी३नं पीडीकेसह त्याच फेरीला ६ मिनिटं ५९.९२७ सेकंद घेतले होते. हा फरक गिअरबॉक्सचा नाही, मधल्या काळात सुधारलेल्या सस्पेन्शनचा आणि गाडीला रस्त्यावर दाबून धरणाऱ्या हवेच्या प्रवाहाचा आहे. त्याच गाडीत पीडीके बसवली तर ती अजूनही पुढेच जाईल.