रात्री मशिन लावलं की बिल कमी येतं?

कोथरूडपासून हडपसरपर्यंत सोसायट्यांच्या ग्रुपवर हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय: वॉशिंग मशिन रात्री दहानंतर लावा, वीज स्वस्त पडते. घरगुती ग्राहकाला ते लागू नाही. साध्या मीटरला वेळ कळतच नाही. महिन्याचे एकूण युनिट मोजायचे आणि १००, ३००, ५०० अशा टप्प्यांनुसार दर लावायचा, एवढंच. रात्रीची सवलत होती ती भोसरी-चाकणच्या कारखान्यांसाठी. तिथूनच ही समजूत घरात शिरली असावी.

आता तर उलटं आहे. दुपारी सौरऊर्जा मुबलक असते आणि संध्याकाळी मागणी चढते. म्हणून महावितरणने जुलै २०२५ पासून टीओडी मीटर (कोणत्या वेळी किती वीज वापरली हे नोंदवणारा मीटर) असलेल्या घरांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर युनिटमागे ८० पैसे सवलत सुरू केली.

पण फार हुरळू नका. धुण्याच्या एका खेपेला अर्धा युनिट धरला तर वाचतात ४० पैसे. दोन किलोवॅटचा गीझर अर्ध्या तासात एक युनिट खातो, पण आंघोळीसाठी नऊ वाजेपर्यंत थांबून ऑफिस कोण गाठणार? खरा फायदा दुपारी एसी किंवा पाण्याची मोटर चालवणाऱ्यांना. आणि मीटर जुनाच असेल, तर मशिन हवं तेव्हा लावा.